मायसिन म्हणजे नेमका कुठला गट?

फार्मसी शिकणाऱ्या एकीने विचारलंय, की अँटिबायोटिक्सचे गट पाठ करताना नावाच्या शेवटी 'सिलिन' दिसलं की पेनिसिलिनचा गट, 'सायक्लिन' दिसलं की टेट्रासायक्लिनचा, एवढं जमतं, पण 'मायसिन'ला दरवेळी घोळ होतो, तर ते नेमकं कुठल्या गटाचं?

कुठल्याच एका गटाचं नाही, घोळ होतो तो त्यामुळेच. सिलिन, सायक्लिन हे औषधाची रचना सांगतात, मायसिन मात्र ते कुणापासून मिळालं ते सांगतं. ग्रीकमध्ये 'मायकीस' म्हणजे बुरशी, त्यावरून मातीतल्या एका जिवाणूचं नाव पडलं स्ट्रेप्टोमायसीस (आहे जिवाणूच, पण बुरशीसारखा तंतू धरून वाढतो) आणि त्याच्यापासून 1943 मध्ये मिळालं ते स्ट्रेप्टोमायसिन. पुढे त्याच गोतावळ्यातल्या जिवाणूंपासून निघालेल्या कितीतरी औषधांना मायसिन लागत गेलं, रचना काही का असेना. म्हणून रचनेवरून गट पाडले तर स्ट्रेप्टोमायसिन अमिनोग्लायकोसाइड, व्हँकोमायसिन ग्लायकोपेप्टाइड, क्लिंडामायसिन लिंकोसामाइड आणि एरिथ्रोमायसिन मॅक्रोलाइड. आडनाव एक, पण भाऊबंद नव्हेत.

उलटंही आहे बरं का. जेंटामायसिन हे स्ट्रेप्टोमायसिनच्याच गटातलं, पण आलंय मायक्रोमोनोस्पोरा नावाच्या दुसऱ्या जिवाणूपासून, म्हणून रोमन स्पेलिंगमध्ये त्याच्या 'माय'मध्ये वाय नाही, आय आहे. देवनागरीत आपण दोन्ही सारखंच लिहितो त्यामुळे ही खूण पुसली जाते, तेव्हा तेवढ्यापुरतं स्पेलिंग जरूर बघ.

पाठ करताना मायसिनच्या एक अक्षर मागे बघायचं. 'थ्रोमायसिन' दिसलं की मॅक्रोलाइड: एरिथ्रो, क्लॅरिथ्रो, अझिथ्रो, रॉक्सिथ्रो. बाकीचे मायसिन एकेक करूनच लक्षात ठेवावे लागतात, तिथे पळवाट नाही.

आणि सायक्लिन जमतं म्हणालीस, पण त्यातली गंमत बघितलीस का? ग्रीक 'टेट्रा' आणि संस्कृत 'चतुर्' एकाच मुळातून आलेत, सायकलच्या मागचा ग्रीक 'किक्लोस' आणि आपलं 'चक्र' हेही तसंच, म्हणजे टेट्रासायक्लिन हे शब्दशः चतुश्चक्र. रेणू कागदावर काढून बघ, चार षटकोन एका ओळीत एकमेकांना चिकटलेले दिसतील. डॉक्सिसायक्लिन, मिनोसायक्लिन या नावांतून 'टेट्रा' गळलंय, चार चक्रं मात्र तशीच आहेत.