झिजू दे

प्रिय पोरी,

तारपा नाचाच्या उठावचित्राचे फोटो पाहिले, सोबतचं पत्रही वाचलं. नाचणाऱ्यांची डोकी झिजली, कडा काळ्या पडल्या, गेरूच्या रंगाचे दोन ठिकाणी पोपडे निघाले. आता आयोजक म्हणतात, वरून पारदर्शक ॲक्रिलिक बसवू, नाहीतर येणाऱ्यांना हातमोजे देऊ. तुला दोन्ही पटत नाही, पण एवढ्या मेहनतीचं काम डोळ्यांदेखत जाताना बघवतही नाही. म्हणून विचारतेस, काय करू?

झिजू दे.

हे काम तू अंध मुलांच्या हातांसाठी केलंस. ॲक्रिलिक बसवलं की त्यांच्यासाठी तिथे एक गुळगुळीत पत्रा उरेल आणि चित्र मात्र आपल्यासारख्या डोळसांना दिसत राहील. मग एवढा खटाटोप कोणासाठी केलास? हातमोज्यातून आकार थोडाफार कळेलही, पण पोत जातो, थंड-कोमट जातं, बारीक कड कुठे संपते ते जातं. डोळसाला कोणी धुरकट चष्मा लावून चित्र बघ म्हणत नाही.

आणि झिजलं म्हणून रडण्याआधी ती झीज नीट बघ. फोटो मोठा कर. सगळ्यात काळं कुठे पडलंय? डावी कड आणि खालचा कोपरा. हात तिथूनच येतात. आधी चौकट चाचपतात, काम केवढं आहे याचा अंदाज घेतात आणि मग आत शिरतात. तिथून एक मळकट पट्टा गोल फिरत मधल्या, तारपा हे वाद्य फुंकणाऱ्या माणसापर्यंत गेलाय. नाचणाऱ्यांनी एकमेकांचे हात धरलेत ना, ती साखळी धरूनच बोटं आत पोचली. वारली चित्रांतून नेमका हा नाच निवडलास, त्याचं मला फार कौतुक वाटलं. या चित्रात बोटाला वाट मुळातच आखलेली आहे.

आता पाय बघ. पांढरेशुभ्र. तिथे कोणी थांबलंच नाही. दोन पायांमध्ये तू जेमतेम दीड मिलिमीटर जागा सोडलीस. ब्रेलच्या एका अक्षरात शेजारशेजारचे ठिपके साधारण अडीच मिलिमीटरवर असतात. त्याहून जवळच्या रेघा बोटाखाली एकमेकींत मिसळतात. सगळे पाय मिळून तिथे नुसतं खरखरीत काहीतरी लागलं असणार. पुढच्या वेळी नाचणारे निम्मे कर, पाय फाक. कडेला एकच नाचणारा मोठा आणि सुटा ठेव. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून, वर गोल डोकं. तो एकदा हाताला कळला की बाकीचे आपोआप ओळखू येतात. हे तुला कोणत्या समीक्षकाने सांगितलं असतं? झिजेने सांगितलं. काच लावली असती तर पाय चुकलेत हे तुला जन्मभर कळलं नसतं.

डोळ्यांना पट्टी बांधून तपासलं होतं, असं लिहिलंयस. अगं, पट्टीखाली ते चित्र तुला तोंडपाठ होतं! तुझी बोटं आठवत होती, वाचत नव्हती. पट्टीचा नाद सोड. काम कच्चं असतानाच, माती ओली असतानाच ज्यांच्यासाठी करतेस त्यांना बोलाव. त्यांच्या हातांनी मातीत खड्डे पडले तर पडू देत.

पंढरपूरला विठ्ठलाच्या पायांवर किती पिढ्यांनी डोकं टेकवलं असेल. मूर्ती झिजते, म्हणून तिला अनेकदा वज्रलेप झालाय, पण पायांवर डोकं ठेवायची रीत मोडली नाही. डागडुजी करायची, पुन्हा स्पर्श करू द्यायचा. आपल्याकडे हे शहाणपण होतंच. प्रदर्शनाच्या दालनात शिरलो की आपण ते विसरतो.

तू म्हणशील, मग वेरूळच्या शिल्पांवरही हात फिरवू द्यायचे का? नाही. तो दगड पुन्हा मिळायचा नाही. म्हणून तर प्रतिकृती असतात. आल्दो ग्रासिनी आणि दानिएला बोत्तेगोनी हे इटलीतलं अंध जोडपं. संग्रहालयांतून हात लावायला मिळत नाही याला ते कंटाळले आणि त्यांच्या धडपडीतून 1993 साली अँकोना शहरात ओमेरो संग्रहालय उभं राहिलं. तिथे शिल्पांना बिनधास्त हात लावायचा असतो. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयाने 2015 मध्ये सहा चित्रांच्या उठावाच्या प्रती मांडल्या, त्याही हात फिरवायलाच. त्याच वर्षी दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात ‘अनुभव’ नावाचं स्पर्शाचं दालन सुरू झालं. तुझं काम या रांगेतलं आहे. ते जपून ठेवायची वस्तू नाही, वापरायची आहे.

माझंही सांगतो. एका मोठ्या प्रदर्शनात माझ्या उठावशिल्पांपुढे दोरी बांधली आणि ‘हात लावू नये’ अशी पाटी लावली. मी विनवलं, भांडलो आणि शेवटी काम टेम्पोत घालून घरी आणलं. दुसऱ्या दिवशी एका अंधशाळेची मुलं तिथे येणार होती. त्यांना काहीच मिळालं नाही. ही खंत गेली नाही, जाणारही नाही. लोक म्हणाले, आडमुठेपणा केलास, दोरीपलीकडून निदान कोणीतरी वर्णन करून सांगितलं असतं. मला अजूनही ते मान्य नाही. दोरीआड ते काम ठेवलं असतं तर पुढच्या प्रत्येक ठिकाणी दोरी आली असती. त्यानंतर मला मोठं दालन मिळालं नाही, मोठं काम मिळालं नाही. पण ज्या दोन शाळांत माझी शिल्पं आहेत तिथे ती भिंतीवर टांगलेली नाहीत, टेबलावर आहेत. त्यातल्या बैलाची पाठ हातांनी इतकी गुळगुळीत झालीय की मला पॉलिश पेपरने तशी कधी करता आली नसती. मी बरोबर होतो असं मला वाटतं. वाटायलाच हवं, त्याची किंमत मी मोजली आहे.

झिजू दे म्हणजे वाऱ्यावर सोड, असं नाही. झिजेचा हिशेब धरून काम कर. प्लास्टर सोड, हे गेल्या वर्षीही सांगितलं होतं. ते टवके सोडतं आणि मुलांच्या हातांना पांढरी भुकटी लागते. रेझिनमध्ये संगमरवराची भुकटी घालून ओत. रंग वरून फासू नकोस, मालातच मिसळ: मागची पाटी गेरूची, माणसं पांढरी, वेगळी ओतून बसवलेली. कितीही झिजलं तरी आतून तोच रंग निघेल आणि ज्यांना थोडंफार दिसतं त्यांना तो फरक शेवटपर्यंत दिसेल. प्रत्येक कड बोटाने तपास, टोचली तर घास. पाटी भिंतीवर उभी लावू नकोस, खांदे भरून येतात. टेबलावर थोडी कलती ठेव. रोज संध्याकाळी साबणाच्या पाण्याने पुसायला सांग.

आणि साचा. सिलिकॉनचा चांगला साचा जपून ठेवलास तर झिजलेली पाटी काढून नवी बसवणं हे दोन दिवसांचं काम आहे. जपायचाच असेल तर साचा जप.

आयोजकांना आजच कळव: ‘ॲक्रिलिक नको, हातमोजे नकोत. प्रदर्शन संपेपर्यंत पाटी आहे तशीच राहील, पोपड्यांच्या कडा तेवढ्या मी येऊन घासून देईन.’ त्यांनी नाही म्हटलं तर मला फोन कर, मी बोलतो. तुझ्यावर काम उचलून आणायची वेळ येऊ नये असं मनापासून वाटतं, पण आलीच तर आणण्याआधी ज्या अंधशाळेची मुलं येणार असतील त्या शाळेला फोन कर आणि पाटी थेट त्यांच्याकडे ने. टेम्पोचं भाडं मी देईन.

सिलिकॉन घ्यायला जाण्याआधी चौकटीचं माप पाठव. तू नेहमी जास्तच आणतेस.

तुझा,
सर