कोरोनाच्या काळात टीमवर्कमुळे रुग्ण खरंच वाचले, की हा नुसता सत्काराच्या भाषणातला शब्द आहे?

वाचले. मी तेव्हा कोविड आयसीयूत स्टाफ नर्स होते, त्यामुळे वॉर्डातलंच सांगते.

व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला पालथं करणं घ्या. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रोसेव्हा अभ्यासात फुप्फुसं फार बिघडलेल्या काही रुग्णांना रोज किमान सलग १६ तास पालथं ठेवलं होतं. त्यांच्यात २८ दिवसांतले मृत्यू १६ टक्के होते, उताणं ठेवलेल्यांत ३२.८ टक्के. यात नवं औषध काहीच नाही, पण माणसं पाच तरी लागतात. एक जण डोक्याशी श्वासाची ट्यूब धरून, दोन्ही बाजूंना दोघं-दोघं. सगळ्यांनी एकदम वळवावं म्हणून 'एक, दोन, तीन' म्हणायचं ते फक्त डोक्याशी उभ्या असलेल्याने. ट्यूब निसटली तर काही मिनिटांत जीव जाऊ शकतो.

पीपीई किटमध्ये चेहरा दिसत नाही, आवाजही दबतो. म्हणून आम्ही किटवर मार्करने ठळक नावं लिहायचो. सांगितलेली ऑर्डर ऐकणाऱ्याने मोठ्याने परत म्हणायची, मगच हात लावायचा. आणि वळवताना कुणीही "थांबा" म्हटलं की सगळ्यांनी थांबायचं, कारण नंतर विचारायचं. बोलणारे वॉर्डबॉय मामा असोत की विभागप्रमुख, नियम एकच. माझ्या मते रुग्णाची सुरक्षितता सगळ्यात जास्त याच नियमात आहे, आणि मोठ्या डॉक्टरांनी तो स्वतः पाळून दाखवला तरच तो टिकतो.

कारण बऱ्याच गोष्टी आधी वॉर्डातल्या मदतनीस मावशींना दिसतात. पलंगावर बसलेल्या आजोबांचं सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण, ९४ टक्के असतं, राउंडला सगळं ठीक वाटतं. बाथरूमपर्यंत जाताना त्यांना किती धाप लागते, हे सोबत जाणाऱ्या मावशींनाच माहीत. ते डॉक्टरांच्या कानावर गेलं, तर बिघाड आधीच सापडतो. आमच्या हँडओव्हरला, म्हणजे पाळी बदलताना रुग्णांची माहिती पुढच्यांना देताना, मावशींनाही विचारायचे, "काही वेगळं दिसलं का?"

नंदुरबारने दुसऱ्या लाटेत 'ऑक्सिजन नर्स' नेमल्या, ती कल्पनाही मला फार मोलाची वाटते. रुग्णाची ऑक्सिजन पातळी बघून ऑक्सिजनचा फ्लो कमी-जास्त करायचा, जेवताना मास्क बाजूला काढलेला असेल तर वाया जाणारा ऑक्सिजन थांबवायचा, हे एका ठरलेल्या व्यक्तीचं काम झालं. 'सगळ्यांचं काम' असलं की ते कुणाचंच राहत नाही.

मात्र टीममध्ये फक्त वॉर्डातली माणसं धरून चालत नाही. २१ एप्रिल २०२१ ला नाशिकच्या झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली, दाब घसरला आणि त्या दिवशी किमान २२ रुग्ण गेले. अशा वेळी खाटेजवळचा स्टाफ कितीही धावला तरी हात अपुरे पडतात. म्हणून टाकी आणि पाइपलाइन सांभाळणारा तंत्रज्ञसुद्धा रोजच्या हँडओव्हरला हवा, त्याचा नंबर नर्सिंग स्टेशनवर लावलेला हवा, आणि राखीव जंबो सिलेंडर कुठे आहेत हे रात्रपाळीच्या प्रत्येकाला ठाऊक हवं.