जुन्या पिकअपला क्राउन-पिनियन न बदलता मोठे टायर चालतील का?

क्राउन-पिनियन म्हणजे इंजिनची ताकद चाकांना देणारी, अ‍ॅक्सलमधली गिअरची जोडी. टायर एक साइज वर असेल तर ती न बदलता खुशाल चालवा. २१५/७५ आर१५ काढून २३५/७५ आर१५ घातले तर व्यास साधारण ७०४ वरून ७३४ मिमी होतो, म्हणजे चार टक्के. स्पीडोमीटर ६० दाखवेल तेव्हा गाडी ६२-६३ला असेल. पुण्यात सपाटीवर जाणवणारही नाही.

३१ इंची मात्र बारा टक्के मोठा, तेवढी गाडीची ओढ कमी. माल भरून दिवे घाट चढताना तिसऱ्या गिअरचं काम दुसऱ्यावर येतं, चढावर गाडी उचलताना क्लच जळतो. नाना पेठेतला दुकानदार ‘काही होत नाही’ म्हणेल. घाटात तो सोबत नसतो. तेवढा मोठा हवाच असेल तर क्राउन-पिनियन बदला.

आणि हो, हौद्यात वजन टाकून, स्टिअरिंग पूर्ण वळवून टायर मडगार्डला घासतो का बघा.