ओतलेली गोळी आणि न मोजलेली नळी: तुमचे प्रश्न

दसरा-दिवाळीच्या सुमारास भात कापणीला येतं, डुकरं आणि केलडी (माकडं) खाली उतरायला लागतात आणि माझ्याकडे तोच प्रश्न परत यायला लागतो. घरी साच्यात ओतलेली शिशाची गोळी साइझ न करता, म्हणजे डायमधून दाबून एका मापाची न करता, तशीच मारली तर चालते का? मंडणगडापासून दोडामार्गापर्यंत शेतीसंरक्षणाचा परवाना असलेल्यांकडे ठासणीच्या नाहीतर जुन्या 12 बोअरच्या बंदुका आहेत आणि मी दुरुस्तीच्या परवान्यावर त्याच उघडून बघतो, त्यामुळे काय बिघडतं ते मला रोज दिसतं. यावेळी आलेले प्रश्न एकत्रच घेतो.

राजापूर: सर, यूट्यूबवर अमेरिकेतले लोक म्हणतात साइझिंगची गरजच नाही, साच्यातून पडली की वंगण लावायचं आणि मारायची. मग आपल्याकडेच एवढा बाऊ का?

व्हिडिओ शेवटपर्यंत बघितलात का? तिकडे हा कायदेशीर छंद आहे, त्यांच्या रायफली आणि पिस्तुलं आखीव, म्हणजे आतून पिळाचे आटे कोरलेल्या नळीची आणि ठरावीक मापाची असतात, आणि तो माणूस साइझिंग टाळतो ते मोजमाप झाल्यावर. आधी तो मऊ शिशाचा तुकडा नळीतून पार करतो, त्यावर उमटलेल्या आट्यांचं माप मायक्रोमीटरने घेतो, मग साच्यातली गोळी त्या मापापेक्षा एक-दोन हजारांश इंच मोठी पडते का ते बघतो, आणि तशी पडत असेल आणि काडतूस चेंबरमध्ये अडखळत नसेल तरच म्हणतो की साइझिंग नको. गोळी बारीक पडली तर गरम वायू तिच्या बाजूने निसटतो, शिसं वितळवून नळीला लिंपत जातो आणि नेम जातो. जाड पडली तर काडतूस बसत नाही, आणि जबरदस्तीने बसवलं तर गोळी सुटायला काडतुसाच्या तोंडाला जागाच राहत नाही आणि दाब वाढतो. शिवाय साचा तोच ठेवून शिसं बदललं तरी माप बदलतं. शुद्ध शिसं थंड होताना जास्त आकसतं, अँटिमनी मिसळलेलं कमी आकसतं, म्हणजे मित्राच्या साच्यातून त्याची गोळी बरोबर पडली म्हणून तुमची पडेल असं नाही. आणि हे सगळं रायफलीचं झालं, तुमच्याकडे आहे सपाट नळीची ठासणीची. तिथे त्या व्हिडिओतलं एकही माप लागू होत नाही.

दापोली: .315 रायफलला घरी ओतलेली गोळी चालेल का?

नाही. कारखान्यातलीच काडतुसं वापरा.

देवगड: आमचे आजोबा म्हणायचे गोळी जितकी घट्ट तितका बार जोरात. आता साच्यातली गोळी थोडी मोठी पडते, गजाने ठोकून ठोकून खाली जाते. साइझ न करता अशी मारली तर काय होईल?

बाबा, हे वाचून होईपर्यंत बंदुकीला हात लावू नका, आधी पूर्ण वाचा. हे "घट्ट म्हणजे जोरात" प्रत्येक वाडीत ऐकायला मिळतं, आणि माझ्याकडे फुगलेल्या नळ्या येतात त्यात बहुतेक वेळा मागे हेच निघतं.

ठासणीच्या बंदुकीत दारू तळाला, तिच्यावर डाट, म्हणजे दाबून बसवायचा बोळा, आणि डाटावर गोळी, सगळं एकमेकांना टेकून बसलेलं पाहिजे, मध्ये पोकळी नको. पोकळी का नको ते नीट समजून घ्या. गोळी दारूला टेकलेली असेल तर दारू पेट घेते तशी गोळी लगेच सरकायला लागते आणि वायूला पसरायला जागा मिळत जाते. पण गोळी घट्ट असल्यामुळे वाटेत, समजा हातभर वरच अडकली, तर वायू ती मधली जागा भरत वेगाने येतो आणि जागच्या जागी बसलेल्या शिशाच्या अडथळ्यावर आपटतो, तिथे क्षणभरासाठी जो दाब तयार होतो तो नळीच्या त्या भागाला पेलण्यासारखा नसतो, कारण नळी बुडाशी जाड आणि पुढे पातळ होत जाते. नशीब चांगलं असेल तर नळीला बाहेरून कडं आल्यासारखा फुगवटा येतो, नसेल तर नळी फाटते, आणि फाटते ती डाव्या हाताच्या पंजाशी, कारण बंदूक आपण तिथेच धरतो.

साइझ न केलेल्या गोळीत नेमका हाच धोका आहे. साचा पूर्ण मिटला नसेल तर गोळी गोल पडत नाही, सांध्यावर पापुद्रा राहतो, ओतायच्या तोंडाशी शेपूट राहतं. तोंडाशी बोटभर आत गेली म्हणून खालपर्यंत जाईल याची खात्री नाही, कारण कोकणातल्या हवेत नळी आतून गंजलेली असते आणि दोन-तीन बारांनंतर दारूची काजळी बसून आणखी अरुंद होते. म्हणजे सकाळी गेलेली गोळी दुपारी त्याच नळीत अडकते. ठोकून खाली गेली असं तुम्ही लिहिलंय, पण तळापर्यंत गेली हे कशावरून कळलं? रिकाम्या नळीत गज घालून तोंडाशी एक खूण, आणि नेहमीचा बार बरोबर भरल्यावर दुसरी खूण, या दोन खुणा गजावर कायमच्या कोरलेल्या हव्यात. दुसरी खूण नळीच्या तोंडाशी येत नसेल तर बार टेकलेला नाही, आणि तो बार मारायचा नाही, मग समोर डुक्कर असो नाहीतर गवा. गोळी ठोकावी लागतेय हीच मुळात चूक आहे. सपाट नळीत गोळी नळीपेक्षा बारीकच असायला हवी, उरलेली फट डाट आणि फडकं भरून काढतं, जोर दारूच्या मापाने येतो, घट्टपणाने येत नाही. आजोबांच्या वेळी नळी नवी होती आणि काजळी बहुधा तेच रोज गरम पाण्याने धूत होते, तो भाग घरात कोणी सांगत नाही.

तुमच्या नळीला आधीच फुगवटा आहे का ते उजेडाकडे धरून बाहेरून कडेने बघा, आतून बघायचं काम तुमचं नाही, परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडे रिकामी करून न्या. आणि फुगलेली नळी ठोकून सरळ करून देतो म्हणणारा भेटला तर तिथून परत या.

मालवण: जाळ्याची शिशी, म्हणजे जाळं बुडायला लावायची वजनं, आम्ही घरीच ओततो, त्याच शिशाच्या बंदुकीच्या गोळ्या केल्या तर? शिसं गाडीच्या चाकाच्या वजनांचं आणि जुन्या बॅटरीचं आहे.

बॅटरीचं शिसं घरात वितळवू नका, जाळ्यासाठीसुद्धा नाही. त्यात आम्ल असतं, अँटिमनी आणि कधी आर्सेनिक असतं, आणि त्याची मळी ओली झाली की विषारी वायू सुटू शकतो. चाकाची वजनं आता सगळीच शिशाची नसतात, काही जस्ताची येतात. शिसं 327 अंशाला वितळतं आणि जस्त 420च्या आसपास, त्यामुळे आच कमी ठेवली तर जस्त वर तरंगतं, आच वाढवली की मिसळतं आणि सगळा घाणा बिघडतो. ही वजनं शुद्ध शिशापेक्षा कडकही असतात, जाळ्याला फरक पडत नाही, गोळीला पडतो, माप आणि वजन दोन्ही बदलतं. पावसाळ्यात दमट साच्यात किंवा ओल्या तुकड्यावर वितळलेलं शिसं पडलं तर पाण्याची एकदम वाफ होते आणि शिसं उडून तोंडावर येतं. आणि पडवीत ज्या भांड्यात वितळवता ते परत स्वयंपाकघरात जाता कामा नये, राख आणि मळी पोरांच्या हाताला लागते. शिशाची सुरक्षित म्हणावी अशी पातळी लहान मुलांच्या रक्तात नाही असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर डॉक्टरांना ही गोष्ट सांगून रक्तातलं शिसं तपासून घ्या, पोट दुखायला लागायची वाट बघू नका.

सावंतवाडी: घरात जुनी विलायती 12 बोअर दुनळी आहे, नळीवर इंग्रजीत 'नॉट फॉर बॉल' असं कोरलंय. काडतूस उघडून छर्रे काढून आत ओतलेली गोळी बसवली तर डुकराला चालेल असं दुकानदार म्हणाला.

तो शिक्का म्हणजे या नळीतून अखंड गोळी मारू नका. इंग्लंडच्या तपासणी केंद्रांनी तो 1875 ते 1887 या काळात चोक असलेल्या नळ्यांवर मारला, म्हणजे तुमची बंदूक सव्वाशे वर्षांहून जुनी आहे आणि तोंडाशी अरुंद आहे. 12 बोअर म्हणजे एका पौंड शिशाच्या 12 गोळ्या होतील त्यातल्या एका गोळीएवढी नळी, साधारण 18.5 मिलिमीटर. पूर्ण चोक तोंडाशी जवळजवळ 1 मिलिमीटरने आवळलेला असतो. छर्रे त्यातून जाताना सरकून जागा करून घेतात, अखंड गोळीला सरकायला जागा नसते. साइझ न केलेली, नळीच्या मापाची गोळी त्या चोकवर गेली तर तोंड फुगेल किंवा फाटेल. वर नळीवर नागमोडी नक्षी दिसत असेल तर ती पट्ट्या जोडून केलेली जुन्या पद्धतीची नळी असू शकते, तिच्यात आजचं बिनधुराचं काडतूससुद्धा घालू नका. काडतूस उघडून आतला माल बदलायचा सल्ला दुकानदाराने दिला असेल तर त्याने तुमच्या हातात धोका दिलाय आणि काडतुसाचे पैसे मात्र पूर्ण घेतलेत. बंदूक आधी दाखवून घ्या.

चिपळूण: ऑनलाइन 'सगळ्या बंदुकांना चालणारी' साइझिंग डाय मिळते, घेऊ का?

नको. डाय एका मापाची असते, सगळ्यांना चालणारी डाय असूच शकत नाही. विकणाऱ्याने तुमच्या नळीचं माप विचारलं का? नाही विचारलं, मग तो काय विकतोय ते तुम्हीच बघा. शिवाय दारूगोळा बनवायची यंत्रसामग्री हासुद्धा कायद्याचा विषय आहे, पुढचं उत्तर वाचा.

गुहागर: परवाना आहे म्हणजे गोळ्या घरी ओतायला परवानगी असतेच ना?

बंदूक बाळगायचा परवाना आणि दारूगोळा तयार करायचा परवाना या वेगळ्या गोष्टी. शस्त्र अधिनियम 1959च्या कलम 5 खाली बनवायला वेगळा परवाना लागतो, आणि 2019च्या दुरुस्तीनंतर हे कलम मोडलं तर शिक्षा किमान 7 वर्षं आहे. तुमच्या परवान्यावर काय, किती आणि कुठल्या अटींवर लिहिलंय ते वाचा आणि शंका असेल तर जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेला लेखी विचारा, उत्तरही लेखी घ्या. "गावात सगळेच करतात" हे पोलीस ठाण्यात उपयोगाला येत नाही.

लांजा: शेतीसंरक्षणाचा परवाना आहे, डुक्कर मारू शकतो ना?

परवाना बंदुकीचा आहे, शिकारीचा नाही. वन्यजीव कायद्याखाली वन विभागाची परवानगी लागते. वनपालाला भेटा, नुकसानभरपाईचा अर्जही तेव्हाच द्या.

कुडाळ: काका, गणपतीच्या आधी भरलेला बार अजून तसाच आहे. गोळी साइझ न केलेलीच होती, अर्ध्यात अडकल्यासारखी वाटते. मारून मोकळी करू का?

अरे, मारू नकोस. वर देवगडच्या उत्तरात सांगितलं तीच गोष्ट तुझ्या हातात आहे, आणि वर दीड-दोन महिने उशीर. दारू दमट झाली असेल म्हणून पेटणार नाही असं कोणी सांगितलं तर ऐकू नकोस, काळी दारू दमट हवेत कधी उशिरा पेटते, कधी पूर्ण पेटते. केप (दारू पेटवणारी छोटी टोपी) लावलेली असेल तर घोडा अंगठ्याने घट्ट धरून केप काढ, तोंड माणसं-जनावरं नसलेल्या बाजूला ठेव. पुढून गज घालून ठोकू नकोस, नळीच्या तोंडासमोर हात किंवा चेहरा आणू नकोस, चुलीजवळ ठेवू नकोस, एसटीत किंवा गाडीवर घेऊन फिरू नकोस. ज्या खोलीत ठेवलीस तिला कुलूप लाव आणि जवळच्या परवानाधारक दुरुस्तीवाल्याला आजच फोन करून घरी बोलाव, तो मागून नळी उघडून दारू भिजवेल आणि मग गोळी काढेल. तो लगेच येऊ शकत नसेल तर पोलीस ठाण्यात कळव की भरलेली बंदूक आहे आणि रिकामी करता येत नाही. निवडणुकीला बंदूक जमा करायची वेळ आली तर तुला हे तसंही सांगावं लागेल.