प्रश्न तुमचे : बंदिस्त स्टेडियममधला कार्यक्रम

उपनगरातल्या एका मोठ्या बंदिस्त हॉलमध्ये गाण्याचा कार्यक्रम होता. सर्वात महागाची, रंगमंचासमोरची सातव्या रांगेतली तिकिटं काढली. शब्द कळत नव्हते आणि गायिकाही धड दिसली नाही. आमचं काय चुकलं? — वाचक, कर्वेनगर

तिकिटाचा दर रंगमंच किती जवळ आहे यावर ठरतो. ऐकू किती नीट येतं, याचा त्याच्याशी फारसा संबंध नाही.

आधी दिसण्याचं बघू. असे हॉल मुळात खेळासाठी बांधलेले असतात. गाण्याचा कार्यक्रम असला की मैदानाच्या सपाट जमिनीवर प्लॅस्टिकच्या किंवा कापडी खोळीच्या खुर्च्या मांडतात. बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण १.२ मीटरवर असतात आणि पुढच्याचं डोकं त्यापेक्षा १०-१२ सेंटीमीटर वर येतं. दोन रांगांत ९० सेंटीमीटर अंतर धरा. रंगमंच तुमच्यापासून १० मीटरवर असेल, तर त्या डोक्यामागे जमिनीपासून अडीच मीटरपर्यंतचं सगळं झाकलं जातं. रंगमंच १.२ मीटर उंच असेल, तर त्यावर उभ्या गायिकेचं फक्त डोकं दिसतं. २० मीटरवर गेलात की तेही नाही. त्यात पुढच्या रांगेने मोबाइल वर धरले की संपलंच. याउलट बाजूच्या पायऱ्यांच्या स्टँडमध्ये प्रत्येक रांग पुढच्या रांगेपेक्षा ३०-४० सेंटीमीटर उंच असते, त्यामुळे पुढच्याचं डोकं आडवं येत नाही. म्हणून सपाट जमिनीवर पहिल्या तीन-चार रांगा मिळत नसतील, तर सरळ स्टँडचं तिकीट काढा. पैसेही वाचतात.

आता आवाज. पत्र्याचं छत, काँक्रीटच्या भिंती आणि लाकडी किंवा सिमेंटची जमीन यांतलं काहीच आवाज शोषत नाही. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. तुम्ही पुढे बसलात आणि मागची भिंत ५० मीटरवर असली, तर तिथे जाऊन परत यायला त्याला १०० मीटर पडतात, म्हणजे जवळजवळ ०.३ सेकंद. तेवढ्यात गायिका पुढच्या शब्दावर गेलेली असते. साधारण ०.०५ सेकंदाहून जास्त फरक पडला की कानाला तो वेगळा आवाज म्हणून जाणवू लागतो. विलंबित गाण्यात हे खपून जातं. द्रुत लयीत किंवा निवेदनात मात्र सगळा काला होतो. शिवाय मुख्य स्पीकर उंचावर टांगलेले असतात आणि त्यांचा रोख मागच्या प्रेक्षकांकडे असतो. पुढच्या रांगांना वाद्यांचा आवाज थेट रंगमंचावरून येतो, गाण्याचा आवाज त्या मानाने मागे पडतो.

सर्वात चांगलं ऐकू येतं ते साउंडच्या कंट्रोलच्या आसपास. कंट्रोल बहुधा मधोमध, हॉलच्या निम्म्याच्या थोडं मागे लावलेला असतो. तिथला माणूस स्वतःच्या कानांना बरं वाटेपर्यंत बटणं फिरवतो, त्यामुळे त्याच्या शेजारी बसणाऱ्याचा आपोआप फायदा होतो. वरच्या गॅलरीखालच्या शेवटच्या दोन रांगा टाळा, तिथे आवाज दबका होतो. आणि पहिल्या दहा मिनिटांवरून निकाल देऊ नका. हॉल भरला की माणसं आणि त्यांचे कपडे आवाज शोषतात आणि घुमणं बरंच कमी होतं. रिकाम्या हॉलमध्ये दुपारी केलेली साउंड टेस्ट म्हणूनच रात्री जुळत नाही.

बॅडमिंटनचे सामने बघताना हॉलमध्ये उकाड्याने जीव जातो. एसी असूनही बंद ठेवतात. ही काटकसर कशासाठी? — वाचक, औंध

काटकसर नाही, शटलची अडचण आहे. पिसांच्या शटलला १६ पिसं असतात आणि वजन फक्त ४.७४ ते ५.५० ग्रॅम. एसीचा झोत कोर्टवरून वाहिला की उंच उडवलेलं शटल बाहेर पडणार की आत, हे खेळाडूच्या हातात राहत नाही. म्हणून सामना चालू असताना हवा बंद किंवा अगदी मंद ठेवतात. दारं लावून घेतात तीही याच कारणासाठी. मे महिन्यात जाणार असाल तर सुती कपडे घाला आणि मधल्या उंचीवर बसा, कारण गरम हवा वर चढते आणि वरच्या रांगा सगळ्यात तापतात. पांढरा सदरा घालून कोर्टच्या थेट मागे बसू नका. शटल पांढरं असतं, खेळाडूला ते मागच्या पांढऱ्यावर दिसत नाही.

बालेवाडीला कबड्डी बघायला जायचंय. कुठे बसावं? — वाचक, भोसरी

पुण्यातल्या म्हाळुंगे-बालेवाडीचं श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल १९९४च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभं राहिलं आणि २००८मध्ये तिथे राष्ट्रकुल युवा स्पर्धा झाल्या. तिथला बॅडमिंटनचा हॉल कबड्डीलाही वापरला गेला आहे.

जागा निवडायची ती मध्यरेषेच्या सरळ रेषेत, लांबीच्या बाजूला, सहाव्या ते दहाव्या पायरीवर. पुरुषांचं मैदान १३ बाय १० मीटर असतं. मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर निदान रेषा, म्हणजे चढाईत किमान जिथवर जायचं ती, आणि तिच्यापुढे १ मीटरवर जादा गुण देणारी बोनस रेषा. चढाईपटूचा एक पाय बोनस रेषेपलीकडे टेकला तेव्हा दुसरा हवेत होता का, हे बाजूनेच कळतं. अंतिम रेषेमागून बघितलं तर दोन्ही रेषा एकमेकींवर चढल्यासारख्या दिसतात. अगदी खालच्या पायरीवर राखीव खेळाडू आणि कॅमेरेवाले आडवे येतात.

स्वच्छतागृहाचं गणित वेगळं. डाव २० मिनिटांचा आणि मधली सुट्टी ५ मिनिटांची. त्या पाच मिनिटांत बायकांच्या रांगेत नंबर लागणं कठीणच. सामना सुरू होण्याआधी किंवा डावातल्या एखाद्या टाइम-आउटला उठा.

आईचं वय ७४, गुडघे दुखतात. हॉलवाले फोनवर ‘ज्येष्ठांची सोय आहे’ म्हणाले. तेवढ्यावर विश्वास ठेवावा का? — वाचक, निगडी

नाही. ‘सोय आहे’ याचा अर्थ काहीही होऊ शकतो. नेमके प्रश्न विचारा. गाडीतून उतरल्यापासून खुर्चीपर्यंत किती पायऱ्या? त्यांना कठडा आहे का? लिफ्ट सगळ्यांसाठी आहे की फक्त व्हीआयपींसाठी? खुर्चीला पाठ आहे का?

बऱ्याच हॉलमध्ये प्रेक्षक स्टँडच्या मधल्या उंचीवरच्या दारातून आत येतात. त्या दाराच्या पातळीवरची रांग मागून घ्या, म्हणजे एकही पायरी लागणार नाही. तळाच्या रांगेसाठी खाली उतरावं लागतं, आणि दुखऱ्या गुडघ्यांना चढण्यापेक्षा उतरणं जास्त जड जातं. व्हीलचेअर असेल तर उताराचीही चौकशी करा. मानक १ ला १२ असं आहे, म्हणजे ६० सेंटीमीटर चढायला ७.२ मीटर लांबीचा उतार हवा. त्याहून खडा असेल तर ढकलणाऱ्याची दमछाक होते. कार्यक्रम संपायच्या दहा मिनिटं आधी निघा, किंवा सगळी गर्दी ओसरल्यावर. मधल्या गर्दीत नको.

पार्किंगमधून बाहेर पडायला सव्वा तास लागला. काही उपाय? — वाचक, सिंहगड रस्ता

एका दारातून एक गाडी बाहेर पडून रस्त्याला लागायला ६ सेकंद धरा. मिनिटाला १० गाड्या, म्हणजे ६०० गाड्यांना तासभर. त्यातच कोणी दारावर यूपीआयचं नेटवर्क शोधत बसला की आणखी खोळंबा. पैसे आत शिरतानाच द्या, गाडी तोंड बाहेर करून लावा, आणि हॉलच्या दारापासून लांब चालावं लागलं तरी बाहेर पडायच्या रांगेजवळची जागा घ्या.

दुचाकीवाल्यांनो, हेल्मेट आत नेऊ देत नाहीत. सीटखालच्या हुकाला अडकवा आणि पावसाळ्यात वरून प्लॅस्टिकची पिशवी बांधा. ओलं अस्तर डोक्यावर चढवून घरी जाण्यासारखी शिक्षा नाही.

कॅब दारातच बोलवू नका. पाचेकशे मीटर घराच्या दिशेने चालत जा आणि एखाद्या दुकानाचं नाव देऊन बोलवा. मुंबई-बंगळूर बाह्यवळणाजवळच्या हॉलमध्ये महामार्गाच्या कोणत्या अंगाला उभे आहात हे आधी बघा. चुकीच्या बाजूला असलात तर गाडीला पुढच्या पुलाखालून वळून यावं लागतं. आणि कॅबचं ॲप असो वा तिकिटाचा क्यूआर, हॉलजवळ नेटवर्कचा भरवसा धरू नका. हजारो मोबाइल एकाच टॉवरला लटकलेले असतात. तिकीट घरीच उतरवून घ्या. थोड्या थोड्या वेळाने आपोआप बदलणाऱ्या क्यूआरचा स्क्रीनशॉट मात्र दारावर चालत नाही.

चार वर्षांच्या मुलीला डीजेच्या कार्यक्रमाला नेलं तर चालेल? — वाचक, वाकड

नेलंच तर स्पीकरपासून लांब बसवा आणि मुलांच्या मापाचे कान झाकणारे मफ घाला. कापसाच्या बोळ्यांनी फारसा फरक पडत नाही, आणि फोमचे छोटे बोळे लहान मुलं तोंडात घालतात. जागतिक आरोग्य संघटनेने अशा ठिकाणांसाठी १५ मिनिटांच्या सरासरीने १०० डेसिबलची कमाल मर्यादा सुचवली आहे, आणि तीही मोठ्यांच्या दृष्टीने. घरी आल्यावर कानात गूं होत असेल, तर आवाज जास्त झाला होता असंच समजा.

रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद हवा ना? मग आमच्या शेजारच्या हॉलमध्ये अकरापर्यंत कसा वाजतो? — वाचक, बाणेर

ध्वनिप्रदूषण नियम, २०००नुसार रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकरला बंदी आहे, पण सभागृहासारख्या बंदिस्त जागांतल्या वापराला सूट आहे. ही सूट आतल्या आवाजापुरती समजा. दारं उघडी टाकली आणि आवाज आवाराबाहेर मर्यादेपलीकडे गेला, तर तक्रार करता येते. ११२ला फोन करून वेळ, ठिकाण आणि कोणत्या बाजूचं दार उघडं आहे ते सांगा. एवढं नेमकं सांगितलंत तर आलेला पोलीस थेट त्या दाराशी जातो.