जन्मजात अम्युझिया असणाऱ्यांच्या मेंदूत संगीताचे नेमके काय होते?

गडकरी रंगायतनमधल्या मैफलीत गायकाचा पंचम घसरला, तरी शेजारी बसलेल्या आपल्या मामांना त्याचा पत्ताच लागला नाही, म्हणून त्यांच्या कानांत दोष आहे का, असे आपण विचारले आहे. हा जन्मजात अम्युझिया, म्हणजे जन्मापासूनच सुरांतला फरक न उमगण्याची अवस्था असेल, तर कान बहुधा ठणठणीत असतात. संगीत आणि मेंदूच्या संशोधक इझाबेल पेरेट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवले, की अशा व्यक्तींचा मेंदू पाव स्वराइतकी चूकही विद्युत-लहरींत टिपतो. मात्र मेंदूच्या उजव्या अर्ध्या भागातील श्रवणकेंद्र आणि ललाटखंड (कपाळामागचा भाग) यांच्यातला संपर्क दुबळा असल्याने ती नोंद जाणिवेपर्यंत पोहोचत नाही. शिवाय ऐकलेला स्वर क्षणभर धरून ठेवणारी स्मृतीही तोकडी पडते. (‘आलास?’ आणि ‘आलास!’ यांतला फरक मामांना सहसा कळेल, कारण बोलण्यातले चढउतार बरेच मोठे असतात.)