नाणेसंग्राहकांचे प्रश्न : एकाच सालाचे दोन अर्धे डॉलर वेगळे कसे?

परदेशी नाण्यांविषयी या सदराकडे अधूनमधून पत्रे येतात. या खेपेस मात्र नाशिक व परिसरातून आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे अमेरिकेच्या अगदी सुरुवातीच्या, म्हणजे १७९४ ते १८३६ या काळातील चांदीच्या नाण्यांविषयीची निघाली, म्हणून हे पान त्यांनाच दिले आहे.

प्रश्न : माझा मुलगा अमेरिकेहून येताना १८२७ सालची अर्ध्या डॉलरची दोन नाणी घेऊन आला. दोन्हींचे वजन जवळपास सारखे भरते. परंतु एकावरील सालातला २ हा अंक सपाट बुडाचा आहे आणि दुसऱ्यावरचा वळणदार. तारेही तंतोतंत एका जागी नाहीत. यातले एक खोटे समजावे काय?
— एक वाचक, पंचवटी

उत्तर : केवळ या फरकावरून कोणतेही नाणे खोटे ठरत नाही, उलट असा फरक असणे हेच त्या काळच्या टांकसाळीचे लक्षण आहे. फिलाडेल्फियाची टांकसाळ २ एप्रिल १७९२ च्या कायद्याने स्थापन झाली आणि पुढची चार दशके तिथल्या डाय, म्हणजे नाण्यावर छाप उमटवणारे पोलादी ठसे, मोठ्या प्रमाणात हाताने तयार होत असत. पोलादी ठोकळ्यावर मधले चित्र, म्हणजे एका बाजूला स्वातंत्र्यदेवतेचे मुख आणि दुसऱ्या बाजूला गरुड, एका मोठ्या पंचाने, म्हणजे टोकावर आकृती कोरलेल्या ठोकायच्या हत्याराने, उमटवले जाई. त्याभोवतीचे तारे, अक्षरे आणि सालाचे अंक मात्र सुटे पंच हातात धरून एकेक करून ठोकावे लागत. आपल्या भांडीबाजारात एकाच कारागिराकडून दोन ताटांवर एकच नाव घालून घेतले, तरी दोन्ही नावांतली अक्षरे एकसारख्या अंतरावर पडत नाहीत. तसाच हा प्रकार आहे. कारागिराच्या हाताशी २ या अंकाचे दोन वेगळे पंच होते, म्हणून १८२७ च्या नाण्यांवर दोन्ही वळणे दिसतात. त्यांपैकी सपाट बुडाचा २ अधिक आढळतो आणि वळणदार बुडाचा कमी, तेव्हा तुमचे दुसरे नाणे जरा जपून ठेवावे.

त्या वर्षी अर्ध्या डॉलरची ५४,९३,४०० नाणी पाडल्याची नोंद आहे. एवढे काम एका डायने होणे शक्य नव्हते. डाय तडकत, झिजत आणि बदलाव्या लागत. पण दोन्ही बाजूंच्या डाय एकाच वेळी निकामी होत नसल्याने पुढची जुनी डाय मागच्या नव्या डायशी जोडली जाई. अशा प्रत्येक जोडीला तिकडचे संग्राहक सरळ ‘विवाह’ म्हणतात, आणि एका डायचे दोन-तीन विवाह होणे तिथे अजिबात निषिद्ध नाही. एकट्या १८२७ सालाच्या चाळीसहून अधिक जोड्या ओळखल्या गेल्या आहेत. या जोड्यांना ओव्हरटन या अभ्यासकाने १९६७ साली प्रसिद्ध केलेल्या वर्गवारीतील क्रमांक लावण्याची पद्धत आजही चालते. प्रत्येक सालासाठी हे क्रमांक १०१ पासून सुरू होतात, आणि त्याच जोडीने तडा गेल्यावर किंवा डाय पुन्हा घासल्यावर पाडलेल्या नाण्याच्या क्रमांकापुढे एक अक्षर जोडतात.

आपली जोडी ओळखण्यासाठी दहा पट मोठे दाखवणारे भिंग आणि तिरपा प्रकाश एवढे पुरेसे आहे. देवतेच्या डावीकडे सात आणि उजवीकडे सहा तारे असतात. सालाच्या शेजारच्या ताऱ्याचे टोक कोणत्या अंकाकडे रोखलेले आहे, अंकांमधले अंतर सारखे आहे का, मागील बाजूस गरुडाच्या डोक्यावरील फितीतले कोणते अक्षर वरच्या वर्तुळातील कोणत्या अक्षराखाली येते आणि तळाच्या ‘५० सी.’ मधले अंतर किती आहे, हे कागदावर टिपून घ्यावे आणि मगच छायाचित्रांशी ताडून पाहावे. आधी छायाचित्र पाहिले की डोळ्यांना जे हवे तेच दिसू लागते, असा माझा अनुभव आहे.

आपल्याकडच्या चांदवडी रुपयांच्या संग्राहकाला या कामाचा थोडा हेवा वाटावा. त्या रुपयांची डाय नाणे पाडायच्या कोऱ्या चकतीपेक्षा मोठी असल्यामुळे मजकुराचा एखादाच तुकडा नाण्यावर उतरतो आणि पूर्ण डाय डोळ्यांसमोर आणण्यासाठी अनेक नाणी शेजारी ठेवावी लागतात. अमेरिकन अर्ध्या डॉलरवर बहुधा सगळी डाय एकाच नाण्यात सापडते.

प्रश्न : एका सालावर दुसरे साल कोरलेल्या नाण्यांना ‘ओव्हरडेट’ म्हणतात, असे ऐकले. जोगलटेंभीच्या प्रसिद्ध साठ्यातील नाण्यांवरही एका राजाच्या छापावर दुसऱ्याचा छाप आहे. हे दोन्ही एकच का?
— एक वाचक, सिन्नर

उत्तर : प्रश्न चांगला आहे, आणि सिन्नरकडून यावा हे स्वाभाविकच आहे. जोगलटेंभीला १९०६ साली सापडलेल्या साठ्यात क्षत्रप राजा नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी होती आणि त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप मारलेला होता. तिथे चलनात असलेल्या तयार नाण्यावर नवा ठसा पडला, म्हणून प्रत्येक नाण्यावर तो वेगळ्या जागी पडलेला दिसतो. ओव्हरडेटमध्ये बदल नाण्यावर नव्हे, तर डायवर होतो. चांगले पोलाद आणि कारागिराची मेहनत दोन्ही महाग असल्याने मागील सालाची वापरण्याजोगी डाय टाकून न देता तिच्यावर नव्या सालाचा अंक ठोकला जाई. त्यामुळे त्या डायने पाडलेल्या प्रत्येक नाण्यावर जुन्या अंकाचे अवशेष एकाच जागी दिसतात. एकाच सालाची, एकाच जोडीची दोन नाणी घेऊन ही खूण दोन्हींवर सारखी आहे का, हे पाहणे ही खऱ्या ओव्हरडेटची साधी कसोटी आहे. सारखी नसेल तर तो ओरखडा समजावा, किंवा कुणाच्या तरी सुईची करामत.

यातले सर्वांत गाजलेले नाणे म्हणजे १८१४ च्या डायवर १८१७ केलेला अर्धा डॉलर. त्याची पार्श्वभूमी अशी की १८१५ साली जेमतेम ४७,१५० अर्धे डॉलर निघाले, आणि तेही सगळे १८१२ च्या डायवर ५ ठोकून. जानेवारी १८१६ मध्ये टांकसाळीत आग लागली आणि १८१६ सालाचा अर्धा डॉलर निघालाच नाही. काम पुन्हा सुरू झाले तेव्हा जुन्या शिल्लक डाय बाहेर काढल्या गेल्या. त्यांपैकी १८१३ वर १८१७ केलेली डाय बरेच दिवस टिकली, त्यामुळे तिची नाणी हौशी माणसालाही मिळू शकतात. १८१४ ची मात्र लवकरच आरपार तडकली आणि तिची जेमतेम डझनभर नाणी आज माहीत आहेत. दोन्हींमधला फरक ७ च्या आत दडलेल्या एका अंकाचा आहे. ३ चा गोलवा आणि ४ ची आडवी रेघ यांची गल्लत झाली, तर लाखो रुपयांची आशा निराशेत बदलते.

कारागिरांच्या चुकाही अशाच टिकून राहिल्या आहेत. १८०७ च्या एका डायवर ५० सेंटच्या जागी आधी २० ठोकले गेले आणि मग दुरुस्त केले गेले. वास्तविक वीस सेंटचे नाणे तेव्हा अस्तित्वातच नव्हते. १८१४ च्या एका डायवर ‘स्टेट्स’ शब्दातल्या ई च्या जागी ए पडला होता, तो ई च्या पोटात अजून दिसतो.

प्रश्न : जुन्या वस्तूंच्या एका विक्रेत्याकडून १८०४ सालचा चांदीचा डॉलर अडीच हजार रुपयांना घेतला. त्याची खरी किंमत काय असावी?
— एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : ज्या धातूचा तो आहे त्या धातूची. कटू बोलल्याबद्दल क्षमस्व. पण १८०४ सालाचे खरे डॉलर जगात पंधराच माहीत आहेत आणि प्रत्येकाचा इतिहास नोंदलेला आहे.

त्यामागची हकीकत मात्र सांगण्याजोगी आहे. अमेरिकन डॉलर स्पॅनिश डॉलरपेक्षा किंचित हलका असूनही वेस्ट इंडीजमध्ये बरोबरीने चाले. त्यामुळे व्यापारी नवे डॉलर तिकडे धाडत, बदल्यात जड स्पॅनिश डॉलर आणत आणि ते टांकसाळीत वितळवून पुन्हा डॉलर पाडून घेत. टांकसाळ राबत राहिली आणि देशात डॉलर उरेनात. अखेर डॉलर पाडणे थांबले. १८०४ या वर्षात १९,५७० डॉलर पाडल्याची नोंद आहे, परंतु त्यांवरचे साल १८०३ किंवा त्याआधीचे होते. पुढे १८३४ मध्ये सयामचा राजा आणि मस्कतचा सुलतान यांना भेट देण्यासाठी अमेरिकन नाण्यांचे संच करायचे ठरले, तेव्हा दप्तरात दिसणारे शेवटचे साल म्हणून १८०४ घालून नवे डॉलर पाडण्यात आले. त्यातून आठ आणि नंतरच्या काळात टांकसाळीतच गुपचूप पाडलेले सात, असा हा हिशेब आहे. १८३५ साली या भेटी घेऊन निघालेले पीकॉक हे जहाज मस्कतनंतर दुरुस्तीसाठी मुंबईच्या गोदीत आले होते, एवढाच काय तो या डॉलरचा आपल्या किनाऱ्याशी आलेला संबंध. मस्कतच्या सुलतानाच्या नावाने ओळखला जाणारा डॉलर २०२१ मध्ये ७६ लाख ८० हजार डॉलरना विकला गेला.

आता तुमच्या नाण्याविषयी. त्या काळच्या डॉलरचे वजन २६.९६ ग्रॅम असावे लागते आणि कडेवर रेघा नव्हे, तर ‘हंड्रेड सेंट्स वन डॉलर ऑर युनिट’ ही अक्षरे असावी लागतात. बाजारातील नकला बहुधा हलक्या, रेघांच्या कडेच्या, आणि कित्येकदा चुंबकाला चिकटणाऱ्या असतात. आणखी एक खात्रीचा उपाय सराफाच्या बारीक वजनकाट्यावर करता येतो. नाणे आधी हवेत आणि मग दोऱ्याने पाण्यात लोंबकळत ठेवून तोलावे. ८९ टक्क्यांच्या थोडी वर चांदी असलेल्या या मिश्रधातूची घनता सुमारे १०.३ असल्याने खऱ्या डॉलरचे पाण्यातले वजन साधारण २.६ ग्रॅमने आणि १३.४८ ग्रॅमच्या अर्ध्या डॉलरचे १.३ ग्रॅमने घटते. याहून बरेच अधिक घटले, तर पुढे काही पाहण्याची गरज नाही.

प्रश्न : आजीच्या देवघरात लक्ष्मीपूजनाच्या ताम्हनात एक परदेशी चांदीचे नाणे असे. आता ते माझ्याकडे आले असून तो १८३२ सालचा अर्धा डॉलर निघाला आहे. त्याला माळेत ओवण्यासाठी कडी डाखलेली आहे. कडी काढून, नाणे उजळून, अमेरिकेत प्रमाणपत्रासाठी पाठवावे असे घरच्यांना वाटते.
— एक वाचिका, देवळाली कॅम्प

उत्तर : तिन्ही गोष्टी करू नयेत. कडी काढली तरी डाखाचा डाग कडेवरील अक्षरांवर राहतोच, शिवाय उष्णतेने पृष्ठभाग बिघडतो. उजळण्याविषयी मी अधिकारवाणीने बोलू शकतो, कारण तरुणपणी एक चांगला रुपया चिंच आणि रांगोळीने घासून मी स्वतःच मातीमोल केला आहे. दरवर्षीच्या पंचामृताने आणि पुसण्याने तुमच्या नाण्याची जी झीज व्हायची ती झालेलीच आहे. आता निदान त्यावरचा काळपट थर राहू द्यावा, कारण जाणकार तोच आधी पाहतात.

तिसरी गोष्ट कायद्याची आहे. १९७२ च्या पुरावशेषविषयक कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुने नाणे पुरावशेष ठरते आणि व्याख्येत भारतीय-परदेशी असा भेद केलेला नाही. असा पुरावशेष देशाबाहेर पाठवण्याचा अधिकार केंद्र सरकारला व त्याने नेमलेल्या यंत्रणेलाच आहे. त्यामुळे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे लेखी विचारणा केल्याशिवाय ते टपालात घालू नये. नाणे पाहायला आणि मोजायला शिकायचे असेल, तर त्र्यंबक रस्त्यावरील अंजनेरीच्या नाणेशास्त्र संशोधन संस्थेत एकदा अवश्य जावे. तिथला भर भारतीय नाण्यांवर असला, तरी डोळ्याला वळण कुठेही लागते. माझे विचाराल, तर हे नाणे पुन्हा ताम्हनातच ठेवावे. फक्त पंचामृताऐवजी त्याला एक फूल वाहावे.

प्रश्न : निवृत्तीनंतर थोडक्या पैशांत या नाण्यांचा संग्रह सुरू करायचा आहे. कुठून सुरुवात करावी?
— एक वाचक, सिडको

उत्तर : १७९४ चा डॉलर मनातून काढून टाकावा. ते १,७५८ च पाडले गेले आणि त्यातला एक २०१३ मध्ये एक कोटी डॉलरहून अधिक किमतीला गेला. १७९६ आणि १७९७ चे अर्धे डॉलर दोन्ही साले मिळून ३,९१८ होते, तेही सोडावेत. १८०७ ते १८३६ मधले टोपीवाल्या देवतेचे अर्धे डॉलर मात्र भरपूर आहेत, कारण डॉलर बंद असल्याने बँका तेच गंगाजळी म्हणून पोत्यांत ठेवत आणि म्हणून ते फारसे झिजले नाहीत. त्यांतले एकच साल धरावे. १८२७ धरले, तर पुढची काही वर्षे निवांत जातील. दुर्मिळतेच्या श्रेणीत आर-१ म्हणजे अगदी सामान्य आणि आर-८ म्हणजे एक ते तीन ज्ञात नाणी. मधली आर-५ म्हणजे ३१ ते ७५. विक्रेता अनेकदा केवळ साल पाहून भाव सांगतो, आणि आर-५ ची जोडी आर-१ च्या भावात हाती येण्याची संधी तिथेच असते.

नाणी ठेवण्यासाठी मऊ पीव्हीसीची पाकिटे वापरू नयेत; आपल्या पावसाळ्यात त्यांतून हिरवट चिकट थर नाण्यावर उतरतो. मायलर या टिकाऊ पारदर्शक प्लास्टिकची पाकिटे घ्यावीत, डब्यात सिलिका जेलची पुडी टाकावी आणि ती आषाढ लागण्यापूर्वी बदलावी.